डाव्या हातानं लिहिलेलं शून्य

परवा भर दुपारी दारावरची बेल वाजली. नांदेडात सध्या आमच्या भागात आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येतं, त्यामुळं बेल वाजली की मला आधी टँकरच आला असं वाटतं. बादली हातात घेऊनच दार उघडलं. तर दारात एक मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा टॅब, ओढणीनं तोंड गुंडाळलेलं. ‘‘आजी, सर्व्हे आहे. पाचच मिनिटं.’’ उन्हानं तिचे डोळे लाल झाले होते. म्हटलं, सर्व्हे गेला खड्ड्यात, आधी सावलीत ये.

वय, शिक्षण, घरात माणसं किती, सगळं विचारून झालं. मग तिनं टॅब माझ्याकडं फिरवला. त्यावर एक आडवी रेघ होती. या टोकाला शून्य, त्या टोकाला दहा. ‘‘राजकारणात काही लोक स्वतःला डाव्या विचारांचे मानतात, काही उजव्या. शून्य म्हणजे अगदी डावीकडं, दहा म्हणजे अगदी उजवीकडं. तुम्ही स्वतःला कुठं ठेवाल?’’

ही रेघ माझ्या ओळखीची होती. चाळीसेक वर्षांपूर्वी हीच रेघ सायक्लोस्टाइलच्या कागदावर छापून, खांद्याच्या पिशवीत घालून मी एका गावात गेले होते. असाच उन्हाळा होता. आणि त्या रेघेनं एका माणसाचा मळा वाळवला. रेघेनं कशाला, मीच वाळवला. उगीच रेघेवर कशाला ढकलू?

मी डावरी आहे. लहानपणी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला की आईची उलथन्याची चापट मनगटावर बसायची. शाळेत बाईंनी पट्टी वापरली. पण हात काही सुधारला नाही, मी आजही डाव्यानंच लिहिते. डावं म्हटलं की आपल्याकडं कमीच. दोन लेकरांत भेद केला की डावं-उजवं केलं म्हणतात. आणि चांगलं काही झालं की ते उजवतं. पोरगी उजवते, कूस उजवते. भाषेनं आपला कौल कधीच देऊन टाकलाय, कुणी फॉर्म भरून घ्यायच्या आधीच. पण तेव्हा मी राज्यशास्त्रात एम.ए. करत होते आणि डावं-उजवं म्हणजे फक्त विचार, असं मला वाटायचं. बावीस वर्षांच्या पोरीला काय काय वाटतं!

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. एस.टी. स्टँडवर, दुकानांवर, शाळांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवणं चाललं होतं. रंग ओला असताना धूळ बसायची, म्हणून नव्या पाट्यासुद्धा जुन्याच दिसायच्या. लोकांना मात्र केवढा आनंद! आता उस्मानाबादला हेलपाटे नकोत, साहेब जवळ आला, म्हणजे पाणी, वीज, रस्ता सगळं जवळ आलं. एकीकडं हा आनंद आणि दुसरीकडं आभाळ दोन वर्षं कोरडं. एकाच माणसाच्या तोंडून एका दमात दोन्ही ऐकायला मिळायचं. ‘‘जिल्हा झाला बगा,’’ म्हणायचा आणि पुढं, ‘‘हिरीत बुडी मारली तर टकुरं फुटल.’’

आमच्या सरांनी नव्या जिल्ह्यातल्या लोकांची मतं गोळा करायचं ठरवलं. मला अहमदपूरच्या बाजूचं, नांदेडच्या शिवेला लागून असलेलं एक गाव मिळालं. सरांनी बजावलं होतं, ‘‘‘सांगता येत नाही’ असा एक चौकोन शेवटी आहे. तो आळशी माणसासाठी असतो. खोदून विचार. प्रत्येक माणसाला मत असतं.’’ मी मान डोलावली. लोह्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसले, तेव्हा आपण फार मोठ्या कामाला निघालोय असं वाटून छाती नुसती फुगली होती.

मुक्काम मन्मथअप्पांच्या घरी होता. अप्पा लिंगायत, साठीचे, अंगानं काटक, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पुढं किराण्याचं दुकान, मागं घर, आणि गावाबाहेर पाऊण एकर पानमळा. त्यांच्या बायकोला सगळं गाव महानंदाकाकू म्हणायचं. काकूंनी पहिल्या दिवशी माझ्यापुढं पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी ठेवलं आणि माझे पाय धुऊन झाल्यावर ते परातीतलं पाणी नेऊन तुळशीला घातलं. ते पाहून मला शरम वाटली. उरलेले सहा दिवस मी पाय धुतलेच नाहीत.

संध्याकाळी अप्पा मळा दाखवायला घेऊन गेले. बांधापाशी म्हणाले, ‘‘चपला हितं काडा. आत आनवाणी जायाचं.’’ आत पाऊल टाकलं आणि मी चक्रावलेच. बाहेर सगळा मुलूख भाजून निघालेला आणि इथं शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, डोक्यावर पानांचं छत, पायाखाली गार ओल. वासच असा की दीर्घ श्वास घ्यावासा वाटे. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेच्या उंचीवर एक सुतळी बांधलेली होती.

‘‘ही कशाला?’’ मी विचारलं.

अप्पांनी एक पान उलटं करून बघितलं, सोडून दिलं. मग म्हणाले, ‘‘हिरीचं पाणी आता अर्ध्यालाच पुरतंय. समद्याला दिलं तर पंधरा दिसांत हीर खडखडीत. म्हनून सुतळीच्या ह्या अंगाचा मळा ठेवायचा, त्या अंगाचा सोडून द्यायचा. माज्या बापानं लावल्याला हाय. सोमवारी महादेवाच्या वारी काय मला कोयता लावू वाटंना. मंगळवारी तोडतो.’’

‘‘न तोडता नुसतं पाणी बंद केलं तर?’’

‘‘रोज बगत बसू का मग, वाळताना?’’

पाण्याची दुसरी वाट एकच होती, कालवा. धरण नांदेडच्या हद्दीत, गाव लातूरच्या. धरणातून दोन कालवे निघायचे, एक डावा, एक उजवा. गावाला डावा लागायचा, तोही अगदी शेवटी. कालव्याच्या शेवटच्या गावांना सगळे टेलची गावं म्हणतात. टेलला बऱ्या सालातही पाणी पोचता पोचता मरतं. दोन वर्षं तर कालव्याच्या तळाशी शेळ्या चरत होत्या. हे सगळं मला अप्पांनीच त्या संध्याकाळी सांगितलं. स्पष्ट, समजेल असं सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शिकलेलं डोकं ना!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकानासमोर लिंबाखाली बाज टाकून मी बसले. पहिले अर्थात अप्पा. कागदाच्या माथ्यावर ठळक छापलेलं होतं, ‘जिल्हा : लातूर’. नवा जिल्हा छापलेला तो गावात आलेला पहिलाच कागद असावा. अप्पांनी त्यावरून बोट फिरवलं, इतरांना दाखवलं. मग मी विचारलं, ‘‘अप्पा, तुम्ही स्वतःला कुठं मानता? डावीकडं, उजवीकडं की मध्ये?’’

‘‘आता ह्ये काय इचारायचं झालं?’’ अप्पा हसले. ‘‘डावाच की! समदं गाव डाव्यावर हाय.’’

माझा आनंद काय सांगू! लिंगायत दुकानदार, रोज इष्टलिंगाची पूजा करणारा माणूस, आणि न अडखळता स्वतःला डावा म्हणतो! मी रेघ पुढं केली. ‘‘किती डावीकडं? थोडं, बरंच, की एकदम टोकाला?’’

‘‘एकदम टोकाला. आमच्याम्होरं कोनीच न्हाई. टेलचं गाव म्हना की.’’

कप्पाळ माझं! ‘टेल’ हा शब्दसुद्धा ऐकला मी. आणि सच्चा माणूस स्वतःला चळवळीचं शेवटचं टोक समजतो, असा काहीतरी अर्थ लावला. डाव्या हातानं, गोलगरगरीत, शून्य लिहिलं.

अप्पांनी माझ्या हाताकडं पाहिलं. ‘‘बाई, तुमी डावऱ्या का काय?’’

‘‘हो.’’

‘‘मंग झालंच की काम,’’ ते मागं वळून लोकांना म्हणाले, ‘‘डाव्याचीच बाई पाठवलीय.’’

सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर जी गर्दी उसळली, ती मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या गावांत गेलेली आमची मुलं सांगायची, माणसं फॉर्म पाहून मागच्या दारानं पळतात. इथं रांग. ‘‘माजं लिव्हलंस का?’’ ‘‘माज्या भावाचं बी लिही, त्यो हैदराबादेला गेलाय.’’ प्रत्येक जण डावा. प्रत्येक जण टोकाचा. आणि प्रत्येक जण न विचारता आपला गट नंबर सांगायचा. मी तोही समासात टिपून घेतला. आमच्याकडं सर्व्हे म्हणजे काय? जमिनीचा, पाण्याचा, नाहीतर दुष्काळाचा. माणसाच्या डोक्याचा सर्व्हे करायला कुणी एस.टी.चे धक्के खात येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ते पाण्यासाठी रांगेत उभे आहेत, हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

एकट्या महानंदाकाकू मागं राहिल्या होत्या. ‘‘मला न्हाई बाई सांगता येत,’’ म्हणाल्या. मी सरांची शिष्या, सोडते काय! ‘‘काकू, तुमचं स्वतःचं मत सांगा. अप्पांचं नको.’’ त्यांनी पदर दातात धरला, अप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ‘‘आमचा नळ न्हाई, हीर न्हाई, गट त्येंच्याच नावानं. मी कुठली डावी आन कुठली उजवी? चुलीपशी लिही मला.’’ लोक खो खो हसले. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, ‘‘बरं, डावा.’’ मी तिथंही शून्य काढलं. त्या दिवशीचं खरं उत्तर तेवढं एकच होतं आणि ते मीच खोडलं.

मंगळवारी सकाळी मळ्याकडं गेले. कोयत्याचा आवाज नव्हता. अप्पा धोतर खोचून दांडातून पाणी फिरवत होते, सुतळीच्या दोन्ही बाजूंना. सुतळी सोडून, गुंडाळून शेवरीच्या फांदीला अडकवली होती.

‘‘तोडलं नाही?’’ मी विचारलं.

‘‘आता कशाला तोडतो?’’ अप्पांचा चेहरा धुतल्यासारखा निवळला होता. ‘‘पंधरा दिस हीर पुरती. तवर येतंयच की.’’

काय येतंय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, पाऊस म्हणत असतील, माणूस आशेवर जगतो. मी म्हणाले, मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले, ‘‘फार छान केलंत अप्पा. सगळाच मळा राहील.’’ अप्पांनी लगेच मळ्यातलं कोवळं पान खुडून मला दिलं. ते मी चघळत चघळत गावात आले.

शुक्रवारी निघायचं होतं. एस.टी.ला वेळ होता म्हणून कालव्याच्या कडेनं फिरत गेटापर्यंत गेले. तिथं पाटकरी बसले होते, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारे, गेट राखणारे. नाव खाजाभाई. त्यांचं घराणं मूळचं कंधारचं, नोकरी नांदेडच्या कार्यालयाची. गेटाच्या गंजलेल्या चाकाला टेकून ते बिडी ओढत होते.

‘‘आदाब खाजाभाई.’’

‘‘आदाब. तुम्हीच का त्या, पाण्याची यादी करून राहिल्या त्या बाई?’’

‘‘कसल्या पाण्याची?’’

‘‘आता कसल्या म्हणजे? डावा की उजवा, लिहून घेतलं ना तुम्ही? गट नंबरासगट? लोक मला येऊन सांगून राहिले, खाजाभाई, चाकाला तेल घाला, नव्या जिल्ह्यानं डाव्याचं पाणी मंजूर केलं.’’ ते हसायला लागले आणि माझ्या तोंडाकडं बघून एकदम थांबले. ‘‘अरे खुदा. तुम्हाला ठाव नव्हतं?’’

कालव्याच्या काठावर मी मटकन खाली बसले. विचारलं, धरणात काहीच नाही का? ‘‘गाळ हाय,’’ ते म्हणाले. ‘‘डाव्यातून बी येणार न्हाई, उजव्यातून बी येणार न्हाई. मी सांगितलं सगळ्यांना. पण माझं कोण ऐकतं? मी नांदेडचा, जुना माणूस. अन् कागद लातूरचा, नवा.’’ मग बिडी विझवून म्हणाले, ‘‘बाई, जाऊन सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.’’

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. तो शुक्रवार होता. मंगळवारपासून चारच दिवस दोन्ही बाजूंना पाणी चाललं होतं. विहिरीत अजून पाणी होतं. मी त्या मिनिटाला जाऊन सांगितलं असतं तर सुतळी पुन्हा बांधता आली असती, अर्धा मळा वाचला असता. मी गेलेसुद्धा. दुकानापुढं अप्पा चार लोकांना काहीतरी सांगत होते. मला पाहून म्हणाले, ‘‘या बाई, या. तुमचीच याद काढायलोत.’’ काकूंनी भाकरी, वाळल्या अंबाडीची भाजी आणि कांदा फडक्यात बांधून ठेवला होता. सगळे माझ्याकडं पाहत होते. आपण मूर्ख ठरू, सरांचं काम बुडेल, हे लोक काय म्हणतील, आणि कोण जाणे, येईलही पाणी, नव्या जिल्ह्याचं काय सांगावं! असं सगळं एकदम मनात आलं. तेवढ्यात एस.टी.चा भोंगा वाजला. मी फडकं घेतलं आणि पळाले. अक्षरशः पळाले. लोह्यापर्यंत मी रडत होते आणि शेजारची बाई ‘‘नांदायला चाललीस का ग माय?’’ असं विचारत होती.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘हे कुणाला बोलू नकोस,’’ म्हणाले. त्यांच्या अहवालात ते गाव नव्या जिल्ह्यातलं सर्वांत डावं गाव म्हणून गेलं. दुष्काळ माणसाला डावीकडं ढकलतो, असंही त्यात होतं. ते वाक्य सगळ्यांना फार आवडलं. त्याखाली माझेही आभार छापले होते.

मी त्यानंतर आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. डावं म्हणजे काय, उजवं म्हणजे काय, कुठल्या देशाच्या सभागृहात कोण कोणत्या बाजूला बसायचं, फळ्यावर आकृती काढून शिकवलं. दर वर्षी ती रेघ काढताना खडू मोडायचा. मुलं हसायची.

आता ही पोरगी दारात. तिनं पाणी प्यायलं, रिकामा पेला ओट्यावर ठेवला. ‘‘आजी, अंदाजे सांगा ना. नाहीतर पुढचं पान उघडत नाही.’’

‘‘सांगता येत नाही, असं नाही का त्यात?’’

‘‘आहे. पण ते टाळा म्हणून सांगितलंय आम्हाला.’’

म्हटलं, अरे वा, अजून तेच. ‘‘तू इथनं कुठं जाणार?’’

‘‘उद्या हदगावच्या बाजूला, परवा अहमदपूर.’’

मी तिचा हात धरला. ‘‘बाळ, खेड्यात गेलीस की तोंड उघडल्या उघडल्या सांग, हे पाण्याचं नाही. अनुदानाचं नाही. ह्यातनं तुम्हाला काहीच मिळणार नाही. आधी हे सांग, मग विचार.’’ ती म्हणाली, ‘‘असं सांगितलं तर कोण उत्तर देईल, आजी?’’ तेही खरंच. मी तिला ‘सांगता येत नाही’वर बोट ठेवायला लावलं. ती नाराज होऊन गेली. जाताना तिच्या बाटलीत मी माझ्या माठातलं पाणी भरून दिलं, दुसरं काय करणार?

ती गेल्यावर मात्र मला दिवसभर अप्पांचाच आवाज ऐकू येत राहिला. कारण मी एकदा परत गेले होते. पुढच्या दसऱ्यानंतर, पाऊस होऊन गेल्यावर. सहा महिने लागले धीर गोळा करायला. मळ्याच्या बांधापाशी सवयीनं चपला काढल्या आणि आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. नुसती ढेकळं. वाळलेल्या शेवरीच्या मोळ्या बांधून कडेला रचल्या होत्या, जळणासाठी. एका मोळीला ती सुतळी होती. मी चपला हातात घेऊन उभी राहिले. परत घालायच्या की नाही, ते कळेना.

घरी अप्पांनी ‘‘शरणार्थ बाई’’ म्हणत बसायला घोंगडी टाकली. काकू बोलल्या नाहीत, चहा ठेवून आत गेल्या. चहानंतर अप्पांनी पानाची चंची पुढं केली. पान पिवळट, जाड होतं. ‘‘बाजारचं हाय,’’ ते म्हणाले, ‘‘गोड मानून घ्या.’’ दोन पिढ्या गावाला पान पुरवणाऱ्या घरात मी विकतचं पान हातात घेऊन बसले होते. मग मला राहवलं नाही.

‘‘अप्पा, तो कागद पाण्याचा नव्हता.’’

ते पानाला चुना लावत होते. बोट थांबलं. ‘‘मंग कशाचा हुता?’’

‘‘माणसं कुठल्या विचाराची आहेत, त्याचा. मला शुक्रवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही. तुमचा मळा माझ्यामुळं गेला.’’

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता ओरडतील, हाकलून देतील. देवा, द्यायला पाहिजे होतं! अप्पांनी पानाची घडी केली, पण तोंडात घातली नाही.

‘‘मंग आमी कंच्या इचाराचे निघालो?’’

‘‘डाव्या.’’

‘‘समदं गाव?’’

‘‘सगळं गाव.’’

त्यांनी दारातून बाहेर, मळ्याच्या दिशेनं पाहिलं. मग अगदी सरळ, राग नाही, टोमणा नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘‘आन उजवा म्हनलो असतो, तर आलं असतं का पाणी?’’

‘‘नाही, अप्पा.’’

‘‘मंग?’’ अप्पा म्हणाले.